मुक्या ठिपक्यांचा आवाज: नजरेतून ऐकणाऱ्या चौघांचं प्रकरण

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथे कॅल्टेक ही विज्ञानसंस्था आहे. तिथल्या एका प्रयोगशाळेत, डोळ्यांना दिसणारी हालचाल मेंदू कशी टिपतो हे तपासण्यासाठी एक साधी चित्रफीत होती. पडद्यावर ठिपकेच ठिपके, आणि ते मधून कडेकडे पसरत जाताना दिसायचे. प्रयोगशाळा बघायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाला तिथल्या संशोधक मेलिसा साएन्झ ही फीत दाखवत होत्या. फितीला आवाज नव्हताच. तरी त्यातल्या एका मुलाने विचारलं, हे बघताना आणखी कुणाला काही ऐकू येतंय का?

असा प्रश्न हसण्यावारी नेणं फार सोपं होतं. साएन्झ यांनी तो नेला नाही. मुलाला बसवून त्याच्याकडून सविस्तर माहिती घेतली, तेव्हा कळलं की ठिपके पसरताना त्याला वारं सुटल्यासारखा ‘सूं’ असा आवाज ऐकू येतो. हे आजचंच नव्हतं, कळायला लागल्यापासून त्याचं असंच होतं. आवाज यावा म्हणून तो मुद्दाम काही करत नव्हता, आणि नको म्हटलं तरी तो थांबत नव्हता. आपोआप होणं, जन्मभर असणं, इच्छेला न जुमानणं ही सगळी सिनेस्थेशियाची लक्षणं. एका इंद्रियाला मिळालेल्या संवेदनेबरोबर दुसऱ्या इंद्रियाची संवेदनाही जागी होते, त्या अवस्थेला हे नाव आहे.

साएन्झ यांनी जुनं संशोधन चाळलं. सूर कानावर पडला की रंग दिसणं, छापील काळी अक्षरं रंगीत जाणवणं, शब्दांना चव असणं, या सगळ्यांच्या नोंदी होत्या. वैद्य गेओर्ग झाक्स यांनी १८१२ मध्ये स्वतःच्या रंगानुभवांबद्दल लिहिलं, तेव्हापासूनचा हा इतिहास आहे. पण डोळ्यांनी पाहिल्यावर आवाज ऐकू येतो, अशा सिनेस्थेशियाची नोंद त्यांना कुठेच मिळाली नाही. तेव्हा त्यांनी तीच ठिपक्यांची फीत चाळणीसारखी वापरायला घेतली. काहीशे लोकांकडे चौकशी केल्यावर आणखी तिघं सापडली. कुणाला टकटक, कुणाला बीप, कुणाला घरघर, कुणाला सूं, पण हलणारी किंवा लुकलुकणारी वस्तू दिसली की चौघांनाही आवाज येत होता.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हा मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. उत्तर अगदी समोर होतं. ज्याला ‘सा’ निळा दिसतो त्याला आपलं वेगळेपण लवकर कळतं, कारण जगात सुरांना रंग नसतो. हलणाऱ्या वस्तूंचं तसं नाही. चेंडू जमिनीवर आपटला की आवाज होतो, दार लोटलं की होतो, गाडी जवळून गेली की होतो. डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीला आवाज असतोच, हा अनुभव सगळ्यांचा आहे. त्यामुळे मेंदूने स्वतःचा एखादा आवाज मिसळला तरी तो खऱ्या आवाजात विरून जातो. ज्याचा तो अनुभव असतो त्यालाही तो जाणवत नाही. तो उघडा पडायला मुळीच आवाज न करणारी हालचाल लागते, तीही शांत खोलीत. कॅल्टेकच्या फितीने नेमकं तेच केलं. लोकांना ‘तुम्हाला दृश्यातून आवाज येतो का’ असं नुसतं विचारलं असतं तर बहुतेकांनी नाही म्हटलं असतं, आणि त्यांतल्या काहींचं ‘नाही’ चुकीचं ठरलं असतं.

पुरावा कसा मिळवायचा

आता खरी अडचण. कुणी ‘मला ऐकू येतं’ म्हणालं तर ते खरं मानायचं कशावरून? अक्षरांना रंग दिसणाऱ्यांसाठी एक जुनी, चांगली कसोटी आहे. आज ‘क’चा रंग विचारायचा आणि काही महिन्यांनी, न सांगता, पुन्हा विचारायचा. सिनेस्थेट, म्हणजे सिनेस्थेशिया असलेला, माणूस तीच नेमकी छटा सांगतो, कल्पनेने सांगणारा घसरतो. पण ‘सूं’ आणि ‘टक’ यांच्या बाबतीत ही कसोटी लंगडी पडते. आवाज इतके साधे आहेत की कुणीही लक्षात ठेवून तेच सांगू शकेल.

साएन्झ आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी क्रिस्तोफ कॉख यांनी म्हणून वेगळी दिशा धरली. अनुभवाचं वर्णन मागायचं नाही, त्या अनुभवाचा काही फायदा होतो का ते बघायचं. त्यांनी आधार घेतला तो इंद्रियांबद्दलच्या एका जुन्या माहितीचा. जागा ओळखण्यात डोळा पटाईत असतो, वेळ मोजण्यात कान. पडद्यावरच्या दोन रेघांमधलं केसाएवढं अंतर डोळ्याला कळतं. पण लुकलुकणाऱ्या दिव्याची लय ध्यानात ठेवा म्हटलं की तोच डोळा गडबडतो. तीच लय टकटक करून ऐकवली तर तालाची तालीम नसलेलं मूलही ती ओळखतं.

कसोटी अशी होती. पडद्यावर एक आकृती चमकते. काही चमका आखूड, काही लांब, तारयंत्राच्या मोर्स कोडसारख्या. समजा: लांब, आखूड, आखूड, लांब, आखूड. मग थोडं थांबून दुसरी मालिका. दोन्ही मालिका सारख्या होत्या की वेगळ्या, एवढंच सांगायचं. काही फेऱ्यांमध्ये चमकांऐवजी बीप ऐकवायचे, बाकी सगळं तेच. वाचकांनी हे मनात करून पाहावं. पाच चमका डोळ्यांपुढून गेल्या की तिसरी आखूड होती की लांब याचा पत्ता लागत नाही. तबला शिकणारा मुलगा अशा वेळी मनातल्या मनात बोल म्हणू लागेल, म्हणजे डोळ्यांना दिसलेलं कानाच्या हवाली करेल. ज्याला चमकेबरोबर आपसूकच आवाज येतो त्याला हे कष्ट पडायला नकोत. डोळ्यांची परीक्षा त्याने कानांनी दिली पाहिजे.

झालंही तसंच. बीप ऐकून उत्तर देताना हे चौघं आणि तुलनेसाठी घेतलेली सर्वसामान्य माणसं, दोन्ही गट सारखेच, सुमारे ८५ टक्के बरोबर. चमका पाहून उत्तर देताना सर्वसामान्य गटाचं प्रमाण घसरून ५० टक्क्यांच्या आसपास आलं. ‘सारख्या की वेगळ्या’ या प्रश्नाला नाणं उडवून उत्तर दिलं तरी इतकंच येतं. सिनेस्थेट चौघांनी मात्र सुमारे ७५ टक्के उत्तरं बरोबर दिली. २००८ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात हे निष्कर्ष आले.

या मांडणीचं मला फार कौतुक वाटतं. पंच्याऐंशीचा आकडा दोन्हीकडे सारखा आहे, म्हणून हे चौघं एकूणच जास्त हुशार होते, किंवा जास्त जीव ओतून बसले होते, असं म्हणता येत नाही. फरक फक्त तिथे पडला जिथे पडायला हवा होता. आणि खोटं बोलून पंचाहत्तर टक्के मिळवता येत नाहीत.

तरी एक फट उरते, ती दाखवली पाहिजे. माणसं अवघी चार. शिवाय या चौघांची डोळ्यांचीच वेळ-जाण मुळात तीक्ष्ण असेल आणि आवाज हा तिचा नुसता सोबती असेल, ही शक्यता एवढ्या प्रयोगाने पूर्ण मिटत नाही. गुण मिळाले म्हणजे आवाज ऐकू आला, हा तर्क जवळचा आहे, शेवटचा नाही. ती फट पुढच्या दहा-बारा वर्षांत बरीच बुजली.

हा दुवा सगळ्यांच्याच मेंदूत असतो

चौघांच्या मेंदूत काय वेगळं असावं हे समजायला आधी सगळ्यांच्या मेंदूत काय असतं ते पाहावं लागतं. शाळेत आपण शिकतो की दृष्टीचं केंद्र डोक्याच्या मागच्या बाजूला आणि श्रवणाचं केंद्र कानशिलांपाशी. ते खरं आहे, पण त्या दोघांमध्ये भिंत नाही.

१९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड यांनी दाखवलं की ओठ ‘ग’ म्हणत असताना कानावर ‘ब’ टाकला तर बऱ्याच लोकांना तिसरंच अक्षर, ‘ड’च्या जवळचं, ऐकू येतं. डोळे मिटले की पुन्हा स्वच्छ ‘ब’. १९९७ मध्ये जेमा कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांनी मेंदूची प्रतिमा घेताना लोकांना बिनआवाजी ओठांची हालचाल दाखवली, तर त्यांचं श्रवणकेंद्र कामाला लागलेलं दिसलं. उलट दिशेचा पुरावा २००० सालचा, तोही कॅल्टेकचाच: लदन शम्स, युकियासू कामितानी आणि शिन्सुके शिमोजो यांनी एका चमकेबरोबर दोन बीप वाजवले, तर बघणाऱ्यांना चमका दोन दिसल्या.

म्हणजे डोळा आणि कान यांची देवाणघेवाण सतत चालू असते. ती असावीच लागते. प्रकाश क्षणात पोचतो, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पण डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचं विद्युतसंदेशात रूपांतर व्हायला कित्येक मिलिसेकंद लागतात, तर कानातल्या केशपेशी हे काम एका मिलिसेकंदाच्या आत करतात. बोलणारा माणूस समोर असो की अंगणापलीकडे, त्याचे ओठ आणि शब्द एकत्र बसवायचे तर मेंदूला दोन्हीकडचा हिशेब सारखा जुळवत राहावं लागतं. कानशिलाच्या आतल्या बाजूला, सुपीरियर टेंपोरल सल्कस नावाच्या लांब खाचेत, दोन्ही इंद्रियांचे संदेश घेणाऱ्या पेशी आहेत. जुळवाजुळवीचा बराच भाग तिथे होतो.

मग सिनेस्थेटांमध्ये वेगळं काय? दोन मतं आहेत. पहिलं असं की त्यांच्यात दोन केंद्रांना जोडणारे जास्तीचे तंतू असतात. तान्ह्या बाळाच्या मेंदूत अशा जोडण्या भरपूर असतात, वाढताना त्यांची छाटणी होते, आणि काहींमध्ये ती अपुरी राहते. दुसरं असं की तंतू सगळ्यांचे सारखेच असतात, फक्त एरवी एक केंद्र दुसऱ्याला गप्प बसवतं, तो दाब सिनेस्थेटांमध्ये कमी असतो. ही भांडणं रंग आणि अक्षरांच्या सिनेस्थेशियावर वर्षानुवर्षं चालू होती. नजरेतून ऐकणाऱ्यांमुळे ती प्रत्यक्ष तपासायला एक सोपी वाट मिळाली, कारण इथे मोजायला मोर्सची कसोटी तयार होती.

ससेक्स आणि लंडन

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात निकोलस रोथेन, जेमी वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून जास्त लोक तपासले आणि या सिनेस्थेशियाचं प्रमाण ४.२ टक्के काढलं. आवाज साधेच असतात, आणि हालचाल जितकी वेगवान तितका आवाज चढा, हेही त्यांच्या नोंदीत आलं. २०१७ च्या त्या अभ्यासातला मोलाचा भाग म्हणजे डोक्यावर तारा लावून घेतलेला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख. हलणारं चित्र दिसल्यावर १६५ ते १८५ मिलिसेकंदांच्या दरम्यान मेंदूत जी लाट उठते ती सिनेस्थेटांमध्ये मोठी होती. दोन गटांतल्या फरकाच्या काही खुणा तर ५५ ते ७५ मिलिसेकंदांपासूनच दिसल्या. इतक्या लवकर माणूस विचार करून, आठवून, कल्पना करून काही घडवू शकत नाही. ‘हे मनाचे खेळ आहेत’ असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही.

त्यांनी एक दुवाही जोडला. जन्मतः बहिऱ्या माणसांचं श्रवणकेंद्र डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीने कामाला लागतं, हे आधीपासून ठाऊक होतं. लहानपणी सगळ्यांत असलेली डोळ्याकडून कानाकडे जाणारी वाट बहिरेपणात वापरात राहते, आणि नजरेतून ऐकणाऱ्यांमध्ये ती कान शाबूत असूनही शिल्लक राहते, असं त्यांचं अनुमान आहे.

लंडनच्या सिटी विद्यापीठात एलियट फ्रीमन आणि ख्रिस्तोफर फासनिज यांनी हेच काम वेगळ्या टोकाने केलं. त्यांच्या हातात आयती संधीही आली. २००८ मध्ये हॅपीटोस्ट या टोपणनावाच्या कलाकाराने एक जिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणारं छोटं हलतं चित्र, केली होती: विजेचे तीन मनोरे, कडेचे दोघे तारांची दोरी फिरवताहेत आणि मधला उडी मारतोय. तो जमिनीवर टेकला की सगळं चित्र हादरतं. डिसेंबर २०१७ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या लिसा डीब्रुइन यांनी ट्विटरवर विचारलं की हे बघताना काय ऐकू येतं, आणि बहुसंख्य लोकांनी ‘धप्प’ असं उत्तर दिलं. चित्रात आवाजाचा कणही नाही.

मग सगळेच सिनेस्थेट म्हणायचे का? माझ्या मते नाही, आणि फ्रीमन-फासनिज यांची पुढची पाहणी याच ठिकाणी उपयोगी पडते. त्यांनी चार हजारांहून जास्त लोकांना बिनआवाजी चित्रफिती दाखवल्या. काही फितींत खऱ्या जगात आवाज करणाऱ्या गोष्टी होत्या, काहींत नुसत्या अमूर्त आकृत्यांची हालचाल. आवाजाची अपेक्षा असलेल्या दृश्यांत पुष्कळांना थोडंफार ऐकू येतं. मनोऱ्याच्या उडीचं तेच आहे, एवढं जड काही पडलं की धप्प व्हायचंच. पण सुमारे पाचातला एक माणूस असा निघाला की ज्याला हे जोरकसपणे जाणवतं. या लोकांवर अर्थापेक्षा निव्वळ हालचालीच्या जोराचा परिणाम जास्त होता, म्हणजे अमूर्त आकृतीही त्यांना ऐकू येत होती. मेंदू इथे केवळ आठवणीतला आवाज भरत नाही, हालचालीच्या संकेतावरच स्वतःचा आवाज उठवतो.

ससेक्सचे ४.२ टक्के आणि लंडनचे वीसच्या आसपास टक्के यांत विरोध दिसतो, तो चाळणीच्या जाळीचा आहे. पहिल्यांनी स्पष्ट सिनेस्थेशिया मोजला, दुसऱ्यांनी सौम्य अनुभवही. मला यातून इतकंच कळतं की इथे सिनेस्थेट आणि इतर असे दोन कप्पे नाहीत, एक उतार आहे.

दाब कमी की तार जास्त

२०१९ मध्ये याच लंडनच्या गटाने डोक्याला बाहेरून अगदी सौम्य उलटसुलट विद्युतप्रवाह देऊन पाहिला, कधी कानशिलांपाशी, कधी डोक्याच्या मागे. काम तेच, मोर्सच्या मालिका सारख्या की वेगळ्या, कधी आवाजाच्या, कधी चमकांच्या. प्रयोग संपल्यावर विचारलं, चमका ऐकू येत होत्या का, आणि त्यावरून गट पाडले.

ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांच्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. सेकंदाला १० आवर्तनांचा प्रवाह कानशिलांपाशी दिला की आवाजाची परीक्षा बिघडायची, आणि ज्यांची ती जास्त बिघडली त्यांची चमकांची सुधारायची. मागे, दृष्टिकेंद्रापाशी दिला की उलट: चमकांची परीक्षा जितकी खालावेल तितकी आवाजाची वर जायची. म्हणजे सर्वसामान्य मेंदूत ही दोन केंद्रं एकमेकांना दाबून असतात. एकाचा हात सैल झाला की दुसऱ्याला मोकळीक मिळते. नजरेतून ऐकणाऱ्यांवर मात्र या प्रवाहाचा परिणामच झाला नाही. त्यांच्यात ही ओढाताण मुळात कमी होती.

इथवर दुसऱ्या मताची, दाब कमी असण्याची, सरशी वाटते. पण त्याच प्रयोगात सेकंदाला ४० आवर्तनांचा प्रवाह कानशिलांपाशी दिला, तेव्हा जे लोक चमकांत विशेष चांगले होते त्यांचीच चमकांची परीक्षा बिघडली. डोळ्यांच्या कामात कानशिलाला छेडलं आणि डोळ्यांचं काम अडलं. याचा सरळ अर्थ, ते लोक चमका कानाच्या केंद्राकडून वाचून घेत होते. २००८ मध्ये साएन्झ आणि कॉख यांच्या तर्कात जी फट राहिली होती ती इथे भरून निघाली असं मी मानतो. डोळ्यापासून कानापर्यंतची वाट सगळ्यांकडे थोडीफार आहे, काहींकडे रुंद आहे, आणि ज्यांच्यावरचा दाब हलका आहे त्यांना तिचा आवाज प्रत्यक्ष ऐकू येतो. दोन्ही मतं एकाच वेळी खरी ठरतात, आणि संशोधकांनीही तसंच म्हटलं आहे.

घरात असं कुणी असेल तर

कुणाला स्वतःपुरतं पाहायचं असेल तर रात्री, पंखा बंद करून, गाडीच्या इंडिकेटरची किंवा गणपतीच्या आराशीतली धावती रोषणाई असलेली चित्रफीत आवाज पूर्ण मिटवून बघावी. आवाज ‘कल्पनेत आणला’ की ‘आला’, यातला फरक ज्याला येतो त्याला लगेच कळतो.

लहान मूल ‘दिवे आवाज करतात’ म्हणालं तर त्याला दटावू नये. जन्मापासून असलेला, साधा, दृश्याबरोबर येणारा आणि दृश्याबरोबर जाणारा आवाज हा आजार नाही, त्यावर उपचार लागत नाहीत. त्रास होत असेल तर इतकाच की लुकलुकत्या दिव्यांच्या गर्दीत मंद बोलणं ऐकायला कठीण जाऊ शकतं. फ्रीमन यांच्या गटाने दाखवलंय की या लोकांना चमका दिसत असताना बारीक आवाज टिपणं अवघड जातं. वर्गात अशा मुलाला लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटपासून दूर बसवणं एवढीही मदत होते.

डॉक्टरकडे जायची वेळ वेगळी असते. मोठेपणी अचानक असा अनुभव सुरू झाला, त्यासोबत चक्कर येऊ लागली, किंवा स्वतःचे डोळे फिरताना त्यांचाच आवाज ऐकू येऊ लागला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. अंतर्कर्णातल्या वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड विरळ होऊन तिथे छिद्र पडण्याचा एक विकार आहे. त्यात शरीरातले आवाज, अगदी नेत्रगोलक फिरण्याचाही, रुग्णाला मोठे ऐकू येतात. तो आवाज खरा असतो, हाडातून कानापर्यंत पोचलेला, आणि त्याचा सिनेस्थेशियाशी संबंध नाही. वेगळेपण ओळखायची खूण सोपी आहे: डोळे मिटून बुबुळं फिरवली तरी आवाज येत राहिला, तर तो बघण्यामुळे येत नाही.